दारात उभा वायरमन

वायरमनने आयुष्यभर लोकांच्या भिंती फोडून तारा ओढल्या. बिनतारी म्हटलं की तो नाक मुरडायचा. पण वहिनींनी हट्ट धरला आणि बापडा नमला. आई गेल्यावर त्याला लहानाचं मोठं केलं ते या वहिनींनीच. पाय मोडून त्या मागच्या खोलीत पडल्या होत्या. हाड जुळलं होतं. डॉक्टर म्हणाले, आता चाला, नाहीतर कायमचं अंथरूण धराल. पण वहिनी भीतीने पाय जमिनीला लावेनात.

"मालिका बघायला मी बाहेर येणार नाही. मालिकेलाच इकडे पाठवा, भावजी."

मग त्याने पुढच्या खोलीतल्या टीव्हीजवळ चित्र धाडणारी एक डबी बसवली आणि वहिनींपुढच्या जुन्या टीव्हीला ते झेलणारी दुसरी. मधे तार म्हणून नाही. त्याची बायको मात्र धुसफुसत होती. "सगळं अंथरुणात पोचवा. मग ताई उठतायत होय!" हे त्याच्या जिव्हारी लागलं, कारण ते खरं होतं.

त्याची एक खोड होती. कुठलंही असलं काम तो आधी स्वतःच्या तोंडावर तपासायचा. पुढच्या खोलीतल्या डबीला छोटा कॅमेरा जोडून तो त्यापुढे उभा राहिला आणि ओरडला, "दिसतोय का?"

"दिसताय. दाढी करा," आतून उत्तर आलं.

आता कॅमेरा काढून डबी टीव्हीला जोडायची. पण बायकोचं बोलणं डोक्यात घोळत होतं. कॅमेरा तसाच चालू ठेवून गडी हात धुवायला गेला.

इकडे पुढच्या टीव्हीवर मालिकेचं गाणं सुरू झालं. खोलीत आपण एकट्याच, असं समजून बायकोने झाडू छातीशी धरला आणि जी काही गिरकी घेतली! मागच्या खोलीतून खदखदून हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी वहिनी हसत होत्या. वायरमन ओल्या हातांनीच धावला आणि त्यांच्या दारात उभा राहिला. तसं पडद्यावरचं चित्र थिजलं.

"बाजूला व्हा ना, भावजी. तिचा एक पाय वरच अडकलाय."

आपल्या आडदांड देहाने लहरी अडल्या, हे त्याने ओळखलं. तो सरकणार होता, इतक्यात त्याच्या डोक्यात काहीतरी शिरलं.

"चित्र अडकलंय वहिनी. नाच बाहेर चालूच आहे."

"सरकता की नाही?"

"नाही."

वहिनींना तो आयुष्यात प्रथमच नाही म्हणत होता. पण पडल्या म्हणजे?

वहिनींनी दातओठ खात एक पाय खाली टेकला. मग दुसरा. पलंग धरला, कपाट धरलं आणि अखेर त्याचा दंड धरला.

"सरक रे मेल्या," त्या म्हणाल्या. त्याचं लग्न झाल्यापासून त्यांनी त्याला असं अरे-तुरे केलं नव्हतं. वायरमनला एकदम रडू आलं, आणि रडताना हसूही आवरेना.

पुढच्या खोलीत बायको झाडूसकट जागच्या जागी थबकली. "ताई, तुम्ही?"

"थांबलीस कशाला?" वहिनी धापा टाकत म्हणाल्या. "पुढचं बघायला एवढी चालत आलेय मी."