फडताळात रुतलेलं पातं

मध्यभारत नावाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. मी इंदूरला कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. बाबा एका कापड मिलमध्ये फिटर होते आणि रविवारी घरी चाकू बनवायचे. जुनी झिजलेली कानस भट्टीत नरम करायची, घासून तिला पात्याचा आकार द्यायचा, परत तापवून पाणी द्यायचं आणि मग पॉलिश. भाजी चिरायला इतकी चमक लागत नाही हे त्यांनाही कळत होतं. पण पात्यात मिशीचा केस न् केस दिसला पाहिजे, हा त्यांचा हट्ट.

हाताने हे काम संपता संपत नसे. आधी जाड पॉलिशपेपर एका दिशेने, मग त्याहून बारीक पेपर आडवा, पहिले ओरखडे जाईपर्यंत. असं करत शेवटी कातड्यावर पॉलिशचा लाल मसाला लावून घासायचं. बाबांची बोटं दुखायला लागली होती. म्हणून मानपूरच्या एका भंगारवाल्याकडून त्यांनी जुनी मोटर आणली, तिला कापडाची जाड चकती बसवली आणि ओसरीवर पाटावर पक्की केली. मसाल्याची धूळ तोंडावर येऊ नये म्हणून चकती मुद्दाम उलटी, त्यांच्यापासून दूर घराकडे फिरेल अशी ठेवली.

आई आत स्वयंपाक करत होती. ओसरीवरून मधल्या दारातून सरळ शेगडी दिसायची. मी उंबऱ्याशी पुस्तक घेऊन बसले होते. बाबांनी पातं चकतीवर टेकवलं. बघता बघता त्यावर निळसर झळाळी चढली. महिन्याचं काम घटकाभरात होत होतं. "बघ," ते मला म्हणाले, आणि दुसरी बाजू घासायला त्यांनी पातं फिरवलं. धार चकतीच्या फिरत्या कडेत अडकली असावी. एक खट् आवाज झाला आणि बाबांचे हात रिकामे होते.

मला काहीच दिसलं नाही. माझ्या कानाजवळून वारा गेल्यासारखं झालं, एवढंच. आम्ही दोघं जमिनीवर पातं शोधायला लागलो. मोटर फिरतच होती. मग मी आत पाहिलं.

आईच्या पाटामागे लाकडी फडताळ होतं. त्याच्या दारात पातं अर्धंअधिक रुतलं होतं. आई बसली की तिचा गळा जिथे येई, बरोबर तिथे. पाट रिकामा होता. आई कोपऱ्यात, हातात तुपाची बरणी घेऊन उभी होती. तव्यावरची पोळी करपत होती आणि कोणीही हलत नव्हतं.

शेजारच्या बाईंनी भिंतीपलीकडून विचारलं, "क्या हुआ भाभीजी?"

"कुछ नहीं, बर्तन गिरा," आई म्हणाली. तिचा आवाज इतका साधा होता की मला त्याचीच भीती वाटली.

बाबा दारापर्यंत आले आणि चौकटीला धरून खाली बसले. "तू तिथे बसली होतीस," ते म्हणाले.

"उठले होते."

"का उठलीस?"

"तूप संपलं होतं."

दिवसभर ते तेच विचारत राहिले. जेवताना, हात धुताना, मोटरचे बोल्ट सोडवताना. "का उठलीस?" आणि आई प्रत्येक वेळी, पहिल्यांदाच सांगतेय अशा सुरात सांगायची, तूप संपलं होतं. जेवताना तर ते रडले. तोपर्यंत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

माझं अंग तेव्हा थरथरलं नाही. ते बुधवारी, वर्गात, सर संस्कृत शिकवत असताना थरथरलं. पेन हातात धरवेना. मैत्रीण मला बाहेर घेऊन गेली.

बाबांनी त्या पात्याकडे पाहणंही सोडलं. पुढच्या रविवारी आईनेच ते बाहेर आणलं, कातडं मांडीवर घेतलं आणि लाल मसाला लावून घासायला बसली.

"राहू दे ते," बाबा म्हणाले. "फेकून देऊ."

"फेकायचं कशाला? टोकाशी ओरखडा राहिलाय."

घासून झाल्यावर तिने पातं त्यांच्यासमोर धरलं. बाबांनी त्यात स्वतःचा चेहरा पाहिला आणि तोंड फिरवलं.

बऱ्याच महिन्यांनी त्यांनी परत कानस हातात घेतली. मोटर मात्र घरात पुन्हा आली नाही. दोघंही ओसरीवर बसत, पॉलिशपेपर बाबांच्या हातात, कातडं आईच्या. कधी ती आत गेलेली असली तर पातं हातात घेण्याआधी ते हाक मारत, "कुठे आहेस गं?" हाताने घासताना काय उडणार होतं? पण आतून "इथेच आहे" असं आल्याशिवाय त्यांनी पेपर पात्याला लावला नाही. पुढे पुढे आई कामात असली की वैतागून उत्तर द्यायची, पण द्यायची.