आज काय म्हन्ते नाक?

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना नाही, तुमच्या आईला नाही. देवापुढे हात जोडले तरी याच्या अलीकडेच मी थांबत आले. मग तुम्हालाच का? कारण परवा फोनवर तुम्ही दोघांनी पुन्हा ती गोष्ट मागितलीत. आजीच्या नाकाची. मी म्हटलं, आवाज नीट येत नाही, आणि फोन ठेवला. अनुजा, निखिल, आवाज अगदी स्वच्छ येत होता.

तुम्हाला ठाऊक असलेली गोष्ट खोटी नाही. नवी नवरी बर्फाच्या कारखान्यात राहायला येते, तिला गॅसचा वास आधी लागतो, ती ओरडते आणि आतली माणसं वेळेवर बाहेर पडतात. तुमच्या आईच्या लग्नात आजोबांनी ती व्याह्यांना सांगितली, निखिलच्या मुंजीत सांगितली, आणि दर वेळी मी खाली मान घालून वाढत राहिले. लोकांना तो विनय वाटला. तो विनय नव्हता. त्या गोष्टीला एक पुढचा भाग आहे, आणि तो फक्त मला ठाऊक आहे.

क्रमानं सांगते. मला क्रमाची सवय आहे. तरी या बाबतीत क्रम साधेल की नाही, माहीत नाही.

चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत आणि गडचिरोली त्यातच मोडत असे. रेल्वे स्टेशनला लागून माझ्या थोरल्या दिरांचा बर्फाचा कारखाना होता. तुमचे आजोबा तो सांभाळत, आणि आमचं घर कारखान्याच्याच आवारात होतं. सावली गावाकडच्या तलावांतली, वैनगंगेतली मासळी बैलगाड्यांनी यायची. बर्फ आणि धानाचा कोंडा घालून ती पेट्यांत भरायची आणि रेल्वेगाडीत चढवायची, असा धंदा.

बर्फ अमोनियानं व्हायचा. अमोनियाचा गॅस नळ्यांतून फिरतो, मिठाच्या पाण्याची टाकी गार करतो, आणि त्या पाण्यात सोडलेल्या डब्यांत बर्फ धरतो. गॅस नळ्यांत आहे तोवर गरीब. बाहेर आला की डोळे, घसा, छाती, काही सोडत नाही. आणि तो बाहेर येतोच. नळीवर जिथे चाकाची झडप असते तिथे, चाकाच्या दांड्याभोवती, गॅस अडवायला दोरीचं पॅकिंग भरून वरून नट आवळलेला असतो. ती दोरी कालांतरानं वाळते, आक्रसते. मग आधी अगदी बारीक, केसाएवढी गळती सुरू होते. ती शोधायला गंधकाची वात पेटवून एकेका जोडापाशी न्यायची. जिथे गॅस सुटत असेल तिथे पांढरा दाट धूर उठतो. गळती सापडली की सगळा गॅस ओढून मोठ्या टाकीत कोंडायचा, यंत्र बंद ठेवायचं आणि नवी दोरी भरायची. म्हणजे त्या दिवसाचा बर्फ बुडाला. नुसती वात फिरवायची तरी यंत्र बंद ठेवावं लागे, म्हणून कारणाशिवाय ती कुणी पेटवत नसे.

ते कारण म्हणजे माझं नाक.

जी माणसं त्या वासात राबतात त्यांना तो वास येईनासा होतो. यंत्र चालवायचे ते कवडूभाऊ. सावलीकडचे, घरची तलावावरची मासेमारी. माझ्यापेक्षा बरेच मोठे, काटक, आणि बोलण्यात कुणाला हार न जाणारे. ते म्हणायचे, "माझं नाक तं मेलं, बाई. सडला मासा बी मले मोगऱ्यावानी लागते." तर पहिल्या वेळी मी ओरडले तेव्हापासून आमचा एक रिवाजच पडला. सकाळी इंजिन सुरू करण्याआधी मी शेडमधून एक फेरी मारून यायची. मग कवडूभाऊ स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीशी येऊन विचारायचे, "बाई, आज काय म्हन्ते नाक?" वास नसला की मी म्हणायची, "झोपलंय." असला की, "उठलंय." उठलंय म्हटलं की ते एक शब्द न बोलता गंधक आणायला जायचे.

मी नागपूरच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन शिकलेली. त्या आवारात मला दुसरं काय काम होतं? पण ही एक फेरी माझी होती. तिचा मला अभिमान होता. तो जरा जास्तच होता, हे इथेच लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यातून आलं.

एकदा मी "उठलंय" म्हटलं. यंत्र सुरूच झालं नाही. कवडूभाऊंनी जोडन् जोड वातीनं तपासला. कुठेही पांढरा धूर नाही. तोवर मासळीच्या गाड्या आवारात येऊन उभ्या, बर्फ नाही, ऊन चढलेलं. शेवटी कुणाच्या तरी लक्षात आलं. पहाटे आलेल्या गाड्यांचे बैल शेडच्या भिंतीलगत बांधले होते, आणि भिंतीखालून त्यांचं मूत आत ओघळत होतं. मला आलेला वास त्याचा होता.

थोरले दीर सगळ्यांदेखत म्हणाले, "वा! इंग्रजी शिकलेल्या नाकाले गॅस आन् बैलाचं मूत सारखंच!"

तेवढ्यानं मी मोडले नसते. दीर तसे बोलतच. पण दुपारी मी मागच्या खिडकीत उभी होते आणि बाहेर गाडीवानांचा घोळका बसला होता. मध्ये कवडूभाऊ. डोक्यावर दुपट्ट्याचा पदर, तोच पदर नाकाला लावून, टाचा उचलून माझ्यासारखं चालत ते एका बैलाच्या मागे गेले, वाकून वास घेतला आणि बारीक आवाजात म्हणाले, "उठलंय गा, उठलंय!" माणसं लोळत होती. आणि त्या हसणाऱ्यांत तुमचे आजोबाही होते.

त्यात वाईट काय होतं? काही नाही. नक्कल चांगली साधली होती. मी चालत होते तशीच. आणि कवडूभाऊ माझ्यावर डूख धरणारे नव्हते. दुसऱ्या दिवशी पुन्हा खिडकीशी आले आणि नेहमीच्याच विश्वासानं विचारलं. मी उत्तर दिलं. पण आत काहीतरी घट्ट होऊन बसलं होतं. तुम्हाला कधी असं झालं आहे का — कुणी थट्टा केली आणि तुम्हीही वर हसलात, पण ती तुमच्या आत तशीच पडून राहिली?

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी सकाळच्या फेरीला गेले. टाकीच्या मागच्या बाजूला, भिंतीकडच्या झडपेपाशी — वास आला.

बारीक होता. पण बैलांचा नव्हता. त्या सकाळी एकही गाडी आलेली नव्हती. मी दोन पावलं मागे गेले, परत पुढे झाले. सुईसारखा, नाकाच्या वरच्या टोकाला टोचणारा. मला शंका नव्हती. हे मी पुन्हा लिहिते, कारण इतक्या वर्षांत मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं आहे की शंका होती. नव्हती.

कवडूभाऊ खिडकीशी आले. "बाई, आज काय म्हन्ते नाक?"

मी म्हटलं, "झोपलंय."

ते हसून म्हणाले, "निजू द्या बिचाऱ्याले," आणि गेले.

मला काय हवं होतं? कुणी मरावं, असं नव्हतं. मला वाटलं, दुपारपर्यंत वास वाढेल, या मेलेल्या नाकांनाही कळेल, मग धावत येतील माझ्याकडे. तेव्हा मी म्हणेन, बैल तर नाही ना, नीट बघा. हे वाक्य मी भाजी चिरता चिरता तयार करून ठेवलं होतं. एवढंच. या एवढ्यासाठी.

इंजिनाचा पट्टा फिरू लागला. यंत्र तापलं की भिंतीकडची ती झडप पूर्ण उघडायची, हे कवडूभाऊंचं रोजचं काम. मी "उठलंय" म्हटलं असतं तर गॅस टाकीत कोंडल्याशिवाय त्यांनी त्या चाकाला हात लावला नसता. त्यांनी चाक फिरवलं आणि दोरी नटाखालून निसटली. मला आवाज ऐकू आला, फुसकारा टाकल्यासारखा, पण न थांबणारा. मग माणसांच्या हाका.

ओले दुपट्टे तोंडाला बांधून दोघांनी त्यांना फरफटत बाहेर आणलं. झोत थेट तोंडावर बसला होता. मी धावले. घागरीमागून घागर त्यांच्या डोळ्यांवर ओतली, माझ्या बोटांनी त्यांच्या पापण्या उघड्या धरल्या. बुबुळांवर पांढरट साय धरत चालली होती. तेवढ्या वेदनेत त्यांनी माझं मनगट धरलं.

"बाई, सकाळी वास तं नव्हता ना?"

तुमचे आजोबा शेजारी उभे होते. थोरले दीर तोवर येऊन पोचले होते. आणि तुम्हाला समजायला हवं, त्या प्रश्नात काय अडकलं होतं. नवी दोरी मागवा, ही वाळली आहे, असं कवडूभाऊ कितीदा तरी सांगत होते आणि दीर पुढे ढकलत होते. सकाळपासून वास असेल तर दोरी गेलेली होती, आणि दोष तिचा. वास नसेल तर दोरी धड होती, आणि चाक फिरवताना कवडूभाऊंच्या हातानं काहीतरी चुकलं, नट ढिला झाला. मधलं काही नव्हतं.

मी म्हटलं, "नव्हता."

दीर म्हणाले, "म्हंजे हातच चुकला."

आणि कवडूभाऊंनी माझं मनगट सोडलं.

डोळे परत आले नाहीत. चांद्याच्या दवाखान्यात बरेच दिवस ठेवून त्यांना घरी सावलीकडे पोचवलं. कारखान्यात दुसरा माणूस आला. नवी दोरीही आली, लगेच आली. माझी सकाळची फेरी मी बंद केली. आजोबांना वाटलं, मी घाबरले. त्यांनी समजूत घातली आणि लोकांना पुन्हा पहिलीच गोष्ट सांगू लागले, मला बरं वाटावं म्हणून.

इथे थांबले असते तरी पुरेसं होतं. पण अजून आहे, आणि हेच लिहायला मी बसले आहे.

काही वर्षांनी सावलीला एका लग्नाला गेले होते. पाय आपोआप त्यांच्या घराकडे वळले, असं म्हणणार नाही. मी विचारत विचारत गेले. मनाशी ठरवून गेले. अंगणात त्यांची बायको पार्वताबाई जाळं विणत होती. कवडूभाऊ भिंतीला टेकून बसले होते, दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवून. तसे रिकामे हात मी नंतर कधी पाहिले नाहीत. मी आवाज दिला, त्यांनी लगेच ओळखलं, पार्वताबाईला चहा ठेवायला सांगितला.

ती चुलीशी जाता जाता माझ्यापाशी कुजबुजली, "जाळं इनाले डोळे नाई लागत, बाई. माझा सासरा आंधळा होऊन मरेपर्यंत इनत होता. हे दोराले हात लावत नाईत. म्हन्तेत, या हाताचा भरोसा नाई. पोरगा मजुरीले जाते, मी एकटी किती इनू?"

कवडूभाऊंनी ऐकलं असावं. मग माझ्या दिशेनं मान वळवून, हळू आवाजात म्हणाले,

"बाई, राग नका मानू. एकच विचारतो. त्या दिशी नाक — झोपलंच होतं ना?"

तेव्हा तिथे दीर नव्हते. आजोबा नव्हते. मी नवी नवरी नव्हते, मला कुणाची भीती नव्हती, आणि कुणावर रागही नव्हता. एक शब्द पुरला असता. तो शब्द आमचा ठरलेला होता, तो मला शोधावाही लागणार नव्हता. समोर ते तोंड किंचित उघडं ठेवून वाट पाहत होते.

मी म्हटलं, "हो, कवडूभाऊ. झोपलंच होतं."

त्यांनी मान हलवली. "मंग हातच," ते म्हणाले. आणि ते दोन हात त्यांनी मांडीवरून उचलून बगलेत धरले, थंडी वाजावी तसे.

चहा आला. मी तो संपवला, लग्नघरी परत आले, जेवले. पुढे ते गेल्याचं कुणाकडून तरी कळलं. जाळ्याला त्यांनी शेवटपर्यंत हात लावला नव्हता.

गॅस सकाळपासून सुटत होता. मला वास आला होता. त्यांचे हात चुकले नव्हते.