चित्रातले बूट

छपाईच्या शाईचा वास आला की मला भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता ते दिवस आठवतात आणि अजूनही संताप होतो. त्या बांधकामावर मी मुलांसाठी एक पुस्तक लिहिले होते. भट्टीसाठी काँक्रीट ओतणाऱ्या, भंडाऱ्याकडच्या एका मजुराचे चित्र मी स्वतः काढले होते; सिमेंटने सोललेल्या अनवाणी पावलांसह. "जसे आहात तसेच छापीन," असा शब्द मी त्याला दिला होता. पुस्तके आली, त्याने एक प्रत मजूरवस्तीतल्या घरी नेली. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "भाऊ, पोरगी इचारून राहिली, बाबा, तुमी बूट कोठी लपवून ठेवले? काय सांगू तिले?" मी पान उघडले. त्याच्या पायांत काळे चकचकीत बूट होते. नागपूरला जाऊन पुस्तकाच्या संपादकांना जाब विचारला. ते शांतपणे म्हणाले, "अहो, मुलांपुढे देश अनवाणी उभा करायचा का?" परत येऊन माझ्याजवळच्या प्रत्येक प्रतीतले बूट मी ब्लेडने खरवडले. त्यातली एक आज समोर आहे. बूट गेले, पण पावले परत आली नाहीत. तिथे कागदाला भोक पडले आहे.