पार्सलमामांचा कोरा टप

पार्सलमामांनी अख्खी हयात एका डिझेल व्हॅनवर काढली. वस्त्यावस्त्यांवर औषधं, चपला, मिक्सरची भांडी पोचवायची आणि घरी आल्यावर व्हॅन अंगणालगतच्या मोठ्या झाडाखाली लावायची. झाडावर बगळ्यांची बिऱ्हाडं. ते रोज शिटून व्हॅनचा टप रंगवून ठेवायचे आणि मामा रोज बादलीभर पाण्याने तो धूत त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे.

मग पार्सलं ड्रोनने यायला लागली. कंपनीच्या मॅडमनी उतरायला मोकळी जागा विचारली, तर मामांनी आपलं अंगणच दाखवलं. "पार्सल इथेच मिळतं, लोकांना सवय आहे." धूर नाही, धुरळा नाही, मामा खुशीत. त्यात टपही कोरा राहू लागला. मामांना वाटलं, नशीब उघडलं.

"नशीब कसलं डोंबलाचं!" मामी म्हणाल्या. "अहो, वर बघा जरा."

जन्मभर रस्ता बघणारा माणूस वर कशाला बघतोय? तेवढ्यात ड्रोन घरघरत आला आणि सगळे बगळे भर्रकन उडाले. घरट्यांतली उघडी पिल्लं उन्हात चोची वासून पडली. असं दिवसभर चालायचं. आणि जागा मामांनीच दाखवली होती!

फोन केल्यावर मॅडम आल्या. एक फेरी डोळ्यांनी पाहिली आणि कपाळाला हात लावला. "मामा, डिझेल वाचलं म्हणून आम्ही खूश होतो. ड्रोन गावाबाहेरच्या खाणीजवळ उतरवता येईल, पण तिथून पार्सलं आणणार कोण?"

"मी. सायकलवर. वाचलेलं डिझेल वाचू दे."

"या वयात?" मामी कडाडल्या.

"मग काय पिल्लांना पाठवू?"

ड्रोन खाणीकडे गेले. मामा सायकल हाणत घामाघूम होऊन परतायचे आणि आधी टप बघायचे. कोराच. बगळे चोरासारखे येत, पिल्लांना भरवत आणि लगेच उडून जात. मामांना घास गोड लागेना.

एका सकाळी मामी अंगणातूनच ओरडल्या, "अहो, या बाहेर!" टपावर, काचेवर, आरशावरसुद्धा पांढरे शिंतोडे. वर एक बगळा पंख पसरून पिल्लांवर सावली धरून निवांत बसला होता. मामांच्या छातीवरचा धोंडा उतरला. त्यांचे डोळेच भरून आले.

मामींनी बादली उचलली.

"राहू दे गं, पुसू नकोस."

इतक्यात त्यांच्या टकलावर टपकन काहीतरी पडलं.

"आणि हे?" मामींना हसू आवरेना.

"तेही राहू दे," मामा म्हणाले.