रुमालात आणलेला प्रसाद

हे पुरतं मी आजपर्यंत कोणाजवळच बोललो नाही: येशूच्या नावानं मोडलेल्या पावाचा तुकडा माझ्या बायकोनं मारुतीचा प्रसाद समजून खाल्ला, आणि तो तिच्या हातावर मीच ठेवला. झालं, लिहून टाकलं. खरं सांगू का, लिहिताना हसूही येऊन राहिलं आहे.

पाण्याच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून पुन्हा भरायचा माझा धंदा. पांढुर्ण्यात दुकान आहे. संत्र्याच्या बागांना पाणी सुरू झालं की मोटारी जळतात, आणि कास्तकार लेकरू दवाखान्यात आणावं तशी मोटार घेऊन येतात. मी ती उघडतो, मान हलवतो, भाव सांगतो. याहून जास्त बोलायची मला सवय नाही. घरीही नाही.

गेल्या हिवाळ्यात सौसरच्या एका प्रार्थनाघराची बोअरची मोटार मी भरून दिली आणि रविवारी बसवायला गेलो. पाणी आलं, काम संपलं. आत गाणं सुरू होतं. निघायचं सोडून मी चपला काढल्या आणि मागच्या सतरंजीकडे गेलो. दारातून शिरताना सवयीनं हात वर गेला. वर नुसता पंखा.

शेजारची म्हातारी पदराआड हसली. "काय शोधून राहिले भाऊ?"

"घंटा."

"घंटा नाही आमच्याकडे. अशीच हाक मारा. ऐकते तो."

अशीच हाक मारा! मी देवळांत कमी गेलो असं नाही. पण देवासमोर उभा राहिलो की बिजली ऑफिसात अर्ज घेऊन आल्यासारखा व्हायचो. काय मागायचं ते मागून झटकन बाहेर. इथं एक बाई देवाला चक्क सांगत होती की सुनेशी भांडण झालं, चूक माझीच होती, पण थोडी तिचीही होती. आणि सगळे त्याला 'बापा' म्हणत होते. माझ्या बापाशी त्याच्या शेवटच्या दिवसांत मी धड बोललो नव्हतो. तो गेल्यावर हा शब्द तोंडातून निघायचाच बंद झाला होता. मी हळूच म्हणून पाहिला. बापा. कोणी वळून पाहिलं नाही. छताची टिनं पडली नाहीत. मग जरा मोठ्यानं म्हटला.

परतीच्या बसमध्ये मी एकटाच हसत होतो. कंडक्टर म्हणाला, "काय भाऊ, लगन जमलं काय?" पन्नाशीला टेकलेला माणूस मी, आणि लाजलो!

मग रविवारची ओढच लागली. घरी सांगायचो, सौसरला मोटार आहे. आणि जो माणूस तोंड उघडत नव्हता तो पास्टरसाहेबांना प्रश्न विचारून भंडावून सोडायला लागला. येशू सुतारकाम करायचा म्हणता, तर त्याचीही उधारी बुडायची का?

"बुडत असेलच," पास्टरसाहेब म्हणाले.

"मग काय करायचा?"

"माफ करत असेल."

"धंदा बसला असेल हो त्याचा!"

ते एवढे हसले की चष्मा पुसावा लागला. "भाऊ, तुम्ही येत जा," म्हणाले. कोणी मला काही हो म्हणायला लावलं नाही. मीच आपला आठवडाभर दुकानात तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता गुणगुणायचो.

एका रविवारी पावाचे तुकडे ताटातून फिरले. ते कोणी घ्यायचे हे पास्टरसाहेबांनी आधी सांगितलं होतं म्हणे, पण तेव्हा मी बाहेर त्यांच्या मोटारीचा स्टार्टर नीट करत होतो. ताट आलं, मी ओंजळ केली. आमच्याकडे प्रसाद एकट्यानं संपवत नाहीत. देवाकडून आलेल्या माणसाच्या हातांकडे घरचे आधी पाहतात. मी अर्धा तुकडा खाल्ला, उरलेला कपाळाला लावला आणि रुमालात बांधला. म्हातारीचे डोळे मोठे झाले, पण प्रार्थना चालू होती.

घरी बायको अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती.

"हे काय होय?"

"प्रसाद."

"कुठचा?"

"सौसरचा." इथपर्यंत मी खोटं बोललो नव्हतो. पण सौसरकडचा मारुती आमच्याकडे नावाजलेला.

"मारुतीचा होय?"

मी म्हणालो, "हूं."

तिनं तुकडा डोळ्यांना लावला, तोंडात टाकला. "साखर टाकाले विसरले वाटते. अन् वार्निशचा वास काहून येऊन राहिला याले?"

"रुमालाचा. दुकानातला आहे."

"अवो, देवाचं तरी साफ रुमालात आणावं माणसानं!"

मी आत जाऊन उशीत तोंड खुपसून हसलो. एकाच तुकड्यातलं आम्ही दोघांनी खाल्लं होतं, आणि मला आभाळ ठेंगणं झालं होतं.

पुढच्या रविवारी म्हातारीनं मला बाजूला घेतलं. "तो घरी न्यायचा नसते भाऊ. बाप्तिस्मा झालेल्यानंच घ्यायचा असते."

"बायकोनंही खाल्ला."

ती मटकन पायरीवर बसली. "पास्टरसाहेबाले सांगा."

"सांगतो," म्हणालो. सांगितलं नाही.

इकडे घरी वेगळंच. बायकोचा गुडघा दुखायचा थांबला. तिनं मारुतीला नवसाचे शनिवार बोलले. दिवसभर उपाशी राहायचं, सांजेला पायी देवळात जायचं. वर शेजारणीला सांगून आली, आमच्या यांनी आणलेल्या प्रसादाचा गुण आहे. शेजारीण दुकानात हजर. "मलेही आणा जी, कंबर लै दुखते." मी मोटारीत डोकं घालून बसलो.

परवाच्या शनिवारी देवळातून आल्यावर तिला भोवळ आली. मी पाणी दिलं, म्हणालो, "पुरे आता. गुडघा बरा झाला ना?"

"गुडघ्यासाठी कोण करून राहिलं?" ती म्हणाली. "गुडघा तर मागंच पुन्हा दुखायला लागला. तुम्ही हसता आजकाल. तार गुंडाळता गुंडाळता गाता. माह्या लग्नापासून पाहिलं नव्हतं असं. ते राहावं म्हणून करतो."

माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. मी म्हणालो, "जेवून घे."

पास्टरसाहेबांना एक कबुली द्यायची आहे. ती मी येत्या रविवारी देईन. बायकोचं देणं मोठं आहे. ती माझ्या हसण्यासाठी उपाशी राहते, आणि ते हसू कुठून आलं हे मी तिला सांगितलेलं नाही. तेवढं सांगणं मी तिचं देणं लागतो.