कोपराखालचं बोट

हे मी आईलाही सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय.

नेरूळला एका कॉलेजात मी विशेष शिक्षणाचं एम.एड. करत होते. ऑटिझम असलेल्या, न बोलणाऱ्या मुलांना कसं शिकवायचं, त्याचं शिक्षण. स्वतःला भारी हुशार समजायचे. बाकीच्या मुलींच्या पाठांना नावं ठेवण्यात माझा हात कोण धरणार?

सरावासाठी माझ्याकडे आरोही होती. सात वर्षांची, एक शब्द बोलायची नाही. तहान लागली की पाण्याच्या चित्राचं कार्ड उचलून समोरच्याच्या हातात द्यायचं — एवढंच शिकवायचं होतं. एवढंच! अख्खं सत्र गेलं. मी कोपराला खालून बोट लावलं की ती कार्ड उचलायची. बोट काढलं की हात तसाच मांडीवर.

मग परीक्षेचा पाठ आला. समोर बाहेरून आलेल्या परीक्षक बाई, मागच्या बाकावर आरोहीची आई. आणि मी — काय केलं असेल मी? ओढणी पुढे घेतली आणि तिच्याआडून बोट लावलं. आरोहीनं कार्ड दिलं. परीक्षक बाई खूश. तिची आई तर रडायलाच लागली.

बरं, तिथे तरी गप्प बसावं ना? छे! निघताना मी त्या माउलीला बजावलं — आता घरी कार्ड दिल्याशिवाय पाणी द्यायचं नाही, लाड केलेत तर सगळं विसरेल. परीक्षक बाईंना ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानेच बोलले.

मे महिना होता. करंजाड्याला त्यांचं सगळ्यात वरच्या मजल्यावरचं घर. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी फोन आला — आरोहीला ॲडमिट केलंय, सलाइन लावलंय.

धावत गेले. पोरीचे ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले. अरे देवा, हे मी केलं? मला वाटलं, आता ही बाई माझ्या थोबाडीत देणार. द्यायलाच हवी होती. ती साताऱ्याकडची, साधी बाई — तिनं माझेच हात धरले.

"म्याडम, तुमी एवढं शिकवलं, पर पोरगी लई हट्टी हाय बघा. समदं येतंय तिला, मुद्दाम कार्ड देत न्हाई. मी मारलं बी तिला."

मारलं! तिला येत नाही हो, मी फसवलं तुम्हाला — एवढंच म्हणायचं होतं. तोंडाशी आलं होतं. आणि मी म्हणाले काय? "होतं असं कधी कधी. पाणी देत जा थोडं थोडं." आणि रिक्षा पकडून घरी आले.

पहिला वर्ग मिळाला मला. आज मी त्याच विषयाच्या शिक्षकांना शिकवते. आरोहीची आई अजून अधूनमधून फोन करते. पोरगी हट्टी आहे, असं तिला अजूनही वाटतं.