मागितल्याशिवाय चहा नाही

नवापूरच्या बसस्थानकावर ती बाई मला रोज सकाळी दिसे. लकवा झालेल्या नवऱ्याला उपचाराला नेताना ती चहाच्या टपरीशी थांबे आणि हाताची घडी घालून उभी राही. चहा त्यानेच मागायचा. त्याचे ओठ थरथरत, ‘च... च...’ होई, कपाळावर घाम येई. तेवढ्यात कुणीतरी दयाळू माणूस ओरडे, ‘दे ना भो त्याले चहा!’ ती पुढे आलेला कप मागे सारी.

‘यास्ले तोंड शे. यास्ले बोलू द्या.’

‘नवराले छळी ऱ्हायनी,’ बाकावरचे एक आजोबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत.

मला त्या सगळ्यांचा संताप येई. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. तिथे सरांनी शिकवलं होतं, की माणूस धडपडून शिकतो तेव्हा मेंदूत काही प्रथिनं वाढतात आणि त्यांच्या आधाराने चेतापेशी नव्या जोडण्या करतात. आजारानंतरही. आमच्याकडे मात्र आजाऱ्याला घास भरवतात, त्याच्या वतीने बोलतात आणि त्याला सेवा म्हणतात. असली सेवा माणसाची धडपडच हिसकावून घेते.

परवा आजोबा पुन्हा म्हणाले, ‘बिचाराले आते काय समजस? दे रे चहा.’

तिच्या नवऱ्याची मान ताठ झाली.

‘च... चूप बस!’ तो ओरडला.

मला वाटलं, ती आता आजोबांची माफी मागेल. ती नवऱ्याच्या तोंडाजवळ वाकली.

‘परत एकदाव सांगा.’